बर्फाचे गायरान

श्रोतेहो, गायरान म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. जमीन साऱ्या गावाची. पण राखण सुटली की शेजारचे बांध तिच्यात सरकू लागतात. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला असेच एक अफाट गायरान आहे. त्याचे नाव अंटार्क्टिका. भारताच्या चौपटीहून मोठा हा खंड, जवळजवळ सगळाच बर्फाखाली.

आता तुम्ही म्हणाल, त्या बर्फाशी आमचे काय देणेघेणे? देणेघेणे पावसाचे आहे. आपला मोसमी वारा दक्षिण हिंदी महासागरावरून विषुववृत्त ओलांडून येतो, आणि त्या महासागराचे पाणी दक्षिणेकडे या बर्फाळ प्रदेशापर्यंत पसरले आहे. तिथले ऊनथंड बदलले, तर हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून शाळू पेरणाऱ्याने निश्चिंत कसे राहावे?

या खंडावर सात देशांनी आपापले हक्क सांगितले होते. १९५६ साली, आणि पुन्हा १९५८ साली, भारताने संयुक्त राष्ट्रसंघापुढे विषय ठेवला की, ही भूमी शांततेच्याच कामी यावी. विरोध झाला, दोन्ही वेळा विषय मागे घ्यावा लागला. पुढे १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी वॉशिंग्टन येथे करार केला. लष्करी तळ नकोत, अणुस्फोट नकोत, संशोधन मात्र सर्वांना खुले, असे ठरले. जुने हक्क आहेत तसे गोठवले. त्या बारांत भारत नव्हता.

करारात एक अट होती. नंतर येणाऱ्याने तिथे भरीव संशोधन करून दाखवावे, तरच त्याला निर्णयात मत. म्हणून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरले. १९८३ साली भारत करारात सामील झाला, आणि त्याच वर्षी मताचा हक्कही मिळाला. तिथले निर्णय सर्वसंमतीने होतात, तेव्हा या एका मताला वजन आहे. १९९१ साली खनिजांसाठी तिथे खाणकाम करण्यास बंदी ठरली, तेव्हा भारत त्या बैठकीत होता.

आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली ठाणी आहेत. त्यांचा कारभार गोव्यात वास्को येथील केंद्रातून चालतो. शिक्षकबंधूभगिनींनो, नकाशाच्या तळाशी असलेला तो पांढरा पट्टा मुलांना जरूर दाखवा. त्याच्या राखणीत आपलाही वाटा आहे, आणि तो अभ्यास करून मिळवलेला आहे, एवढे त्यांना सांगा.