तीन घरांचा तालुका

मोहोळच्या एखाद्या शाळेत फळ्यावर सामान्यज्ञानाचे शब्दकोडे मांडले आहे असे समजा. आडवा शब्द पहिला : 'सोलापूर जिल्ह्यातील एक तालुका, तीन घरे.' सगळा वर्ग ओरडेल, मोहोळ! मो-हो-ळ, घरे बरोबर भरली. एवढ्यात मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारील, "सर, सांगोला का नाही?" सां-गो-ला, तीही तीनच. रेल्वेचे स्टेशन म्हणावे तर ते दोन्ही गावांना आहे. मुलीचे चुकलेले नाही. चूक कोडे रचणाऱ्याची आहे.

चूक क्षुल्लक वाटते. पण एकेकाळी हीच चूक मुद्दाम करून त्यावर मोठा धंदा चालत असे, आणि त्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

शब्दकोडे हा प्रकार तसा अलीकडचा. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन याने पहिले कोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेला त्याचे वेड लागले आणि १९३० साली लंडनच्या 'टाइम्स'नेही कोडे सुरू केले. आपल्याकडे बक्षिसांची कोडी लोकप्रिय झाली. छापील प्रवेशपत्रिका भरायची, फी जोडायची, पाठवायची आणि निकालाची वाट पाहायची.

या कोड्यांची गंमत, खरे तर लबाडी, अशी की त्यांतल्या बऱ्याच जागी दोन शब्द सारखेच शोभत. संयोजकाने त्यांतला एक आधीच ठरवून ठेवलेला असे. जो त्याच्याशी जुळला तो बरोबर. अशा दहा जागा असल्या तर किती उत्तरपत्रिका संभवतात? दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. वीस जागा असल्या तर १०,४८,५७६. तुमचा शब्दसंग्रह कितीही दांडगा असो, शेवटी या लाखांतून एक निवडायची ती नशिबावरच. म्हणून हौशी माणूस एक सोडून पाच-पन्नास पत्रिका भरी, आणि प्रत्येक पत्रिकेला वेगळी फी! गणिताच्या तासाला घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

मुंबई प्रांताने १९४८ साली कायदा करून अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला. मोहोळ तेव्हा मुंबई प्रांतातच होते. पण साप्ताहिक प्रांताबाहेर छापले तर कायदा लागू होत नसे. म्हणून १९५२ साली दुरुस्ती करून बाहेर छापलेली पत्रेही त्यात आणली. आर. एम. डी. चमारबागवाला हे बंगलोरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स' चालवीत. स्पर्धा म्हैसूर राज्यातली, मग मुंबईने कर का घ्यावा, असा त्यांचा वाद. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या बाजूने निकाल दिला. पत्रिका भरणारे आणि पैसे देणारे लोक मुंबई राज्यातले होते. शिवाय ही स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही.

त्याच दिवशी आणखी एक निकाल झाला. संसदेच्या १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याने महिन्याला १००० रुपयांची मर्यादा घातली होती. न्यायालय म्हणाले, हा कायदा नशिबाच्या स्पर्धांना लागू. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, त्यांना नाही. कोर्टाने शब्दकोड्याला दोष दिला नाही, दोन उत्तरांच्या कोड्याला दिला. मला हा भेद शिक्षकांच्या फार कामाचा वाटतो.

तर मग आपले कोडे दुरुस्त कसे करायचे? मधल्या घरातून एक उभा शब्द सोडा : 'अणुशक्ती आयोगाचे पहिले अध्यक्ष डॉ. भाभा यांचे नाव, दोन घरे.' होमी. आता मधले अक्षर 'हो' ठरले, सांगोला आपोआप बाद. किंवा सूत्रातच सांगा, 'सीना नदी ज्यातून वाहते'. सांगोल्याची नदी माण आहे. मराठीत हा छेद फार बळकट असतो. इंग्रजीत एका घरात २६ पैकी एक अक्षर. आपल्याकडे घरात काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर बसते. नुसत्या बाराखड्यांचीच चारशेच्या आसपास अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. एक अक्षर कळले की निम्मे काम होते. रचणाऱ्याला मात्र तितकाच घाम फुटतो, म्हणून काळी घरे जास्त लागतात.

जुन्या मासिकांतली कोडी वर्गात द्यायला हरकत नाही, फक्त त्यांची तारीख पाहावी. शेजारच्या जिल्ह्याला पाच घरे असतील तर उत्तर उस्मानाबाद. २०२३ पासून धाराशिव, म्हणजे चारच. 'सूर्यापासून सर्वांत दूरचा ग्रह, दोन घरे' असे असेल तर प्लूटो. २००६ साली त्याला ग्रहांच्या यादीतून काढले, आता नेपच्यून आणि चार घरे. पण कोडे १९९० सालचे असेल तर? प्लूटोची कक्षा इतकी लांबट आहे की १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. म्हणजे त्या वर्षी ज्याने 'नेपच्यून' लिहिण्याचा प्रयत्न केला आणि घरे अपुरी पडली, त्याचेच बरोबर होते.