सावारोना आणि खुलताबादचा रिकामा मकबरा

आलिशान नौका बांधणे सोपे, पोसणे कठीण. डिझेल, खलाशी, डागडुजी, बंदराचे भाडे हा खर्च नौका धक्क्याला उभी असली तरी थांबत नाही. म्हणून अशा नौका वारंवार विकायला निघतात आणि त्यांचा इतिहास बहुतेक वेळा त्यांच्या मालकांचा इतिहास असतो. अशाच एका नौकेचा माग काढता काढता मी तुर्कस्तानमार्गे थेट मराठवाड्यात येऊन पोहोचलो.

नौकेचे नाव सावारोना. १९३१ साली हॅम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस या गोदीत ती बांधली गेली. मालकीण अमेरिकन, एमिली रोबलिंग कॅडवालडर. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल ज्याच्या आराखड्यातून उभा राहिला, त्या जॉन रोबलिंग यांची ही नात. नौका सुमारे १३६ मीटर लांब, अटलांटिक सहज ओलांडेल अशी, आणि त्या काळची जगातली सर्वात मोठी खासगी नौका. लाटांवर डोलू नये म्हणून तिच्यात अवजड जायरो यंत्रही बसवले होते. पण ते महामंदीचे दिवस होते. परदेशात बांधलेली नौका अमेरिकेत आणायची तर प्रचंड आयात कर भरावा लागणार होता. बाईंनी ती कधी मायदेशी नेलीच नाही. काही वर्षे इतरत्र फिरवली आणि अखेर विकायला काढली.

मार्च १९३८ मध्ये तुर्की सरकारने ती विकत घेतली, बांधणीच्या खर्चाच्या मानाने बरीच स्वस्तात. सुलतानांच्या काळातली एर्तुग्रुल ही सरकारी नौका आता जुनी झाली होती आणि राष्ट्राध्यक्ष कमाल अतातुर्क यांची प्रकृती ढासळत होती. १ जून १९३८ रोजी सावारोना इस्तंबूलला आली. यकृताच्या विकाराने खंगलेले अतातुर्क तिच्यावर राहायला गेले. रुमानियाचा राजा कॅरोल त्यांना तिथेच भेटला, मंत्र्यांच्या बैठकाही तिथेच झाल्या. लहान मूल खेळण्याची वाट पाहते तशी मी या नौकेची वाट पाहिली, आता ती माझी कबर होणार का, अशा अर्थाचे काही ते म्हणाल्याचे सांगतात. पुरते दोन महिनेही ते तिच्यावर राहू शकले नाहीत. जुलैअखेर त्यांना दोल्माबाहचे राजवाड्यात हलवले आणि १० नोव्हेंबरला तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

हाच तो राजवाडा, जिथून मार्च १९२४ मध्ये शेवटचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांना रात्रीच्या रात्री बाहेर काढून युरोपच्या गाडीत बसवले होते. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफत संपवली. इथून आपली गोष्ट सुरू होते.

१९१९ पासून मुंबई हे खिलाफत चळवळीचे केंद्र होते. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून आजही ईद-ए-मिलादचा जुलूस निघतो, तो त्या दिवसांची आठवण आहे. गांधीजी चळवळीत होते, अली बंधू होते. पण चळवळ चालली ती सामान्य माणसाच्या चंद्यावर. व्यापाऱ्यांनी हजारो दिले, मजुरांनी आणे दिले, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. अंगोरा फंड, स्मर्ना फंड अशा नावांनी जमा झालेली रक्कम मुस्तफा कमाल यांच्याकडे पाठवली गेली. देणाऱ्याच्या मनात एकच भावना होती: इंग्रज आणि ग्रीक फौजांपासून खलिफाचे राज्य वाचावे.

युद्ध जिंकले गेले. राज्य वाचले, खलिफा मात्र वाचला नाही. १९२३ च्या अखेरीस आगाखान आणि अमीर अली यांनी लंडनहून इस्मत पाशांना पत्र लिहिले, की खलिफाचा मान राखावा. ते पत्र इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि परक्यांचा हस्तक्षेप म्हणून उलटेच अंगाशी आले. खिलाफत वाचवण्यासाठी लिहिलेले पत्र खिलाफत संपवणाऱ्यांच्या कामी आले.

आणि पैसा? त्यातला काही युद्धात वापरला गेला. उरलेल्या रकमेतून अडीच लाख लिरा भांडवल म्हणून घालून ऑगस्ट १९२४ मध्ये, म्हणजे खिलाफत संपल्यावर सहाच महिन्यांनी, तुर्कस्तानात इश बँक स्थापन झाली. आज ती त्या देशातल्या मोठ्या बँकांपैकी एक आहे.

आपल्याकडे या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एका बाजूला अतातुर्क म्हणजे दीनचा गद्दार. हिंदी मुसलमानांच्या चंद्यावर त्याने मौज केली, नौका घेतली, असे सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला तो सुधारणेचा आदर्श, त्याच्याविषयी प्रश्नच विचारायचे नाहीत. मला दोन्ही मान्य नाही. सावारोना खिलाफत फंडातून घेतलेली नाही. ती १९३८ साली तुर्की सरकारने घेतली, सरकारच्याच पैशाने. फंडाच्या पैशातून उभी राहिली ती बँक, आणि बँक काही चैन नव्हे. नव्या देशाला तिची गरज होती. मात्र दागिने देणाऱ्या बाईने ते बँकेसाठी दिले नव्हते, हेही तितकेच खरे. चंदा ही अमानत असते. घेणाऱ्याने हेतू बदलला, तर देणाऱ्याला किमान कळवायला हवे. इथे कोणी कोणाला विचारले नाही.

खलिफांचे पुढे काय झाले? फ्रान्समध्ये नीस इथे ते हद्दपारीत राहिले. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान त्यांना दरमहा ३०० पौंड पाठवत. नोव्हेंबर १९३१ मध्ये, म्हणजे सावारोना पाण्यात उतरली त्याच वर्षी, खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार हिचा निकाह निजामांचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादजवळ खुलताबादला, जिथे औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे, त्या परिसरात खलिफांसाठी मकबरा बांधण्यात आला.

तो मकबरा रिकामाच राहिला. ऑगस्ट १९४४ मध्ये खलिफांचा पॅरिसमध्ये मृत्यू झाला. तुर्कस्तानने दफनाला परवानगी दिली नाही. मय्यत दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत ठेवावी लागली आणि १९५४ मध्ये मदिनेला दफन झाले. त्यांना घालवणाऱ्या अतातुर्कांचा देहही अंकारातल्या एका संग्रहालयात पंधरा वर्षे होता. त्यांची कायमची समाधी १९५३ साली झाली. दोघेही मातीत जाण्यासाठी एका दशकाहून अधिक किंवा जवळपास तेवढा काळ थांबले. बादशहा असो की बंडखोर, शेवटची जागा कोणाच्याच हातात नसते.

सावारोनाचे पुढचे आयुष्यही बरे गेले नाही. १९५१ पासून ती नौदलाच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण जहाज झाली. १९७९ मध्ये आगीत जळाली आणि वर्षानुवर्षे गंजत पडली. १९८९ मध्ये एका उद्योजकाला ४९ वर्षांच्या कराराने दिली गेली. त्याने मोठा खर्च करून ती पुन्हा सजवली, वाफेच्या टर्बाइनच्या जागी डिझेल इंजिने आली आणि श्रीमंत पाहुण्यांना ती भाड्याने मिळू लागली. २०१० मध्ये तिच्यावर पोलिसांची धाड पडली, देशभर संताप झाला आणि काही वर्षांत ती पुन्हा सरकारकडे आली.

नौकेचा हिशेब असा दस्तऐवजांत सापडतो: कोणी बांधली, कोणी विकली, कोणी घेतली. मुंबईच्या त्या बायकांच्या दागिन्यांचा असा हिशेब सापडत नाही. शंभर वर्षांनंतर मला खिलाफत चळवळीतून घ्यावासा वाटणारा धडा तुर्कस्तानविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आजही रमजानमध्ये आपण जकात देतो, दूरच्या संकटासाठी चंदा देतो, मदरशाला, शाळेला, वक्फच्या कामाला देतो. द्यावेच. पण पावती घ्यावी, वर्षअखेर हिशेब मागावा, आणि हिशेब मागणाऱ्याला दीनचा दुश्मन ठरवू नये. आपल्या आजीपणजींनी विश्वासाने दिले. विचारायचे काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे.