रानटी सशांच्या संख्येतील ऋतुमानानुसार होणारे बदल

रानटी सशांच्या संख्येत वर्षभराच्या काळात नियमितपणे होणारी वाढ व घट म्हणजे त्यांच्या संख्येतील ऋतुमानानुसार होणारे बदल होत. येथे 'रानटी ससा' म्हणजे युरोपीय ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) होय. तो मूळचा इबेरियन द्वीपकल्पातील असून माणसाने त्याला ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांत नेले. एकाच प्रदेशातील एकाच वर्षाची संख्या कोणत्या महिन्यात मोजली, यावरून तिचा अर्थ बदलतो. म्हणून सशांचे संरक्षण आणि नियंत्रण या दोन्हींसाठी या चक्राचे ज्ञान आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील माळरानांवर व शेतांच्या कडेला दिसणारा ससा (लेपस निग्रिकोलिस) याहून वेगळा आहे. तो बिळे खोदत नाही आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. युरोपीय ससा मात्र बिळांच्या वसाहतींत राहतो. त्याची पिल्ले जन्मतः आंधळी व केसरहित असतात. मराठीत दोघांनाही ससाच म्हणत असल्याने पुढील वर्णन भारतीय सशाला लागू करू नये.

विणीचा हंगाम

मादी साधारण तीन ते चार महिन्यांची असताना प्रजननक्षम होते. गर्भावधी सुमारे ३० दिवसांचा असून एका वेतात बहुधा तीन ते सात पिल्ले होतात. मादीच्या शरीरात बीजांड समागमानंतरच सुटते आणि प्रसूतीनंतर काही तासांतच ती पुन्हा गर्भवती होऊ शकते. परिस्थिती प्रतिकूल असल्यास गर्भ मादीच्या शरीरातच शोषले जातात. त्यामुळे अनुकूल काळ येताच संख्या झपाट्याने वाढते व तो संपताच वाढ थांबते.

हा अनुकूल काळ मुख्यतः कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर अवलंबून असतो. गर्भवती व दूध पाजणाऱ्या मादीला लागणारी प्रथिने व पाणी वाळलेल्या गवतातून पुरेसे मिळत नाही. ब्रिटनमध्ये वीण प्रामुख्याने जानेवारी ते ऑगस्ट या काळात होते. तेथे संख्या उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक, तर हिवाळ्याच्या शेवटी सर्वांत कमी असते. स्पेन व पोर्तुगालमध्ये उन्हाळा कोरडा असल्याने वीण शरद ऋतूतील पावसानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबते. तेथील उच्चांक वसंताच्या अखेरीस, तर नीचांक शरदात येतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातील वीण तेथील हिवाळा व वसंतात, म्हणजे साधारण जून ते नोव्हेंबर या महिन्यांत, जोरात असते. त्याच देशाच्या शुष्क अंतर्भागात मात्र ती पाऊस केव्हा पडतो यावर ठरते.

घटीची कारणे

एका मादीला हंगामात चार वेते झाली आणि प्रत्येक वेळी पाच पिल्ले धरली, तरी वीस पिल्ले होतात. तरीही दीर्घकाळात संख्या स्थिर राहते, याचा अर्थ बहुतेक पिल्ले पहिले वर्षही पूर्ण करत नाहीत. कोल्हे, शिकारी पक्षी, चाऱ्याचा अभाव, बिळांत शिरणारे पाणी आणि रोग ही मृत्यूची मुख्य कारणे आहेत.

रोगांनाही ऋतू असतात. मिक्सोमॅटोसिस हा विषाणुजन्य रोग डास व पिसवांमार्फत पसरतो. त्यामुळे त्याच्या साथी बहुधा उन्हाळा व शरदात येतात. ऑस्ट्रेलियात १९५० साली हा विषाणू हेतुपुरस्सर सोडण्यात आला आणि लगतच्या उन्हाळ्यात डासांमुळे मरे नदीच्या खोऱ्यात वेगाने फैलावला. सशांचा रक्तस्रावी रोग १९८४ मध्ये चीनमध्ये प्रथम ओळखला गेला. स्पेनमध्ये त्याच्या साथी मुख्यतः हिवाळा व वसंतात, म्हणजे विणीच्या काळातच येतात. या रोगाच्या मूळ विषाणूपासून अगदी लहान पिल्ले सहसा वाचत. २०१० मध्ये फ्रान्समध्ये आढळलेला नवा प्रकार मात्र त्यांनाही मारतो. त्यामुळे हंगामातील नवी भरच कमी होते.

संरक्षण व नियंत्रण

ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन यांनी व्हिक्टोरियातील बार्वन पार्क येथे आणविलेल्या सुमारे दोन डझन सशांपासून तेथील मोठा प्रसार झाला, असे मानले जाते. तेथे ससा पिकांचा व स्थानिक वनस्पतींचा शत्रू ठरला आहे. बिळे नांगरून मोडणे व विषारी आमिषे टाकणे हे उपाय उन्हाळ्याच्या अखेरीस, वीण सुरू होण्यापूर्वी केल्यास अधिक परिणामकारक ठरतात. ऐन हंगामात मारलेल्या सशांची जागा नवी पिल्ले लवकरच भरून काढतात.

मूळ प्रदेशात परिस्थिती उलट आहे. इबेरियन लिंक्स व स्पॅनिश शाही गरुड यांचे जीवन सशांवर अवलंबून आहे. लिंक्सची पिल्ले वसंतात, सशांची वीण भरात असताना जन्मतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१९ मध्ये युरोपीय सशाला संकटग्रस्त ठरवले. शिकारीचा मुख्य हंगाम मात्र शरदात, संख्या तळाशी असताना येतो. अशा वेळी मारला जाणारा ससा बहुधा पुढील विणीत भाग घेणाऱ्यांपैकीच असतो.

गणना

रात्री प्रकाशझोतात दिसणारे ससे मोजणे, ठरावीक जागेतील लेंड्या मोजणे आणि वापरातील बिळांची नोंद घेणे या प्रचलित पद्धती आहेत. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही गणना विणीच्या चक्रातील एकाच टप्प्यावर घेतलेल्या असाव्या लागतात. एका वर्षीचा उच्चांक व दुसऱ्या वर्षीचा नीचांक यांची तुलना केल्यास स्थिर वसाहतही नष्ट होत असल्याचा भास होतो. याच्या उलट क्रमाने तुलना केल्यास खरोखर घटणारी वसाहत सुरक्षित वाटू शकते.