१८ दिवसांची १८ वर्षे

अमीर हमजाच्या दास्तानमध्ये हमजा कोहकाफला निघतो तो १८ दिवसांत परत येण्याच्या बोलीवर. तिथून सुटका व्हायला त्याला १८ वर्षे लागतात. तोवर नौशेरवान बादशहाची मुलगी मेहरनिगार या किल्ल्यातून त्या किल्ल्यात जीव मुठीत धरून त्याची वाट पाहत राहते. हिज्र संपला, वस्ल झाला, निकाहचे छुहारे वाटले गेले, की प्रेमकथेत सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून प्रेमकथेची लांबी ही खरे तर हिज्रची लांबी असते. हा हिज्र किती ताणायचा, हे लेखक ठरवतो अशी आपली समजूत आहे. उर्दूतल्या लोकप्रिय प्रेमकथांचा गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास पाहताना आम्हाला मात्र वेगळेच दिसते. पैसे कोण देतो, कसे देतो आणि ऐकणाऱ्याच्या किंवा वाचणाऱ्याच्या हाती किती वेळ आहे, यावरच पानांचा आकडा बहुधा ठरत आला आहे.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा खुद्द अमीर हमजाच आहे. १८५५ साली गालिब लखनवी यांनी (हे मिर्झा गालिब नव्हेत) ही दास्तान एका ग्रंथात बसवली. १८७१ मध्ये अब्दुल्ला बिलग्रामी यांनी तीच सजवून नवल किशोर प्रेसकडून काढली, तीही एकाच ग्रंथात. पुढे त्याच लखनौच्या, त्याच प्रेसने तीच कथा पुन्हा हाती घेतली. १८८३ पासून मुहम्मद हुसेन जाह यांच्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड येऊ लागले, नंतर अहमद हुसेन कमर यांनी सूत्रे घेतली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा पसारा ४६ खंडांवर, म्हणजे ४० हजारांहून अधिक पानांवर गेला. नायक तोच, नायिका तीच. मग मधली हजारो पाने आली कुठून?

ती आली रईसांच्या दिवाणखान्यातून. जाह आणि कमर हे मुळात दास्तानगो, तोंडी सांगणारे. दास्तानगोचा आश्रयदाता गोष्ट संपावी म्हणून पैसे देत नसे, उद्याची रात्र रंगावी म्हणून देत असे. रज्म, बज्म, हुस्न-ओ-इश्क आणि अय्यारी या चार अंगांपैकी कोणतेही हवे तेवढे फुलवण्याची मुभा होती. 'दास्तान रोकना' ही तर एक स्वतंत्र कला मानली जाई. आशिक आणि माशूक यांच्यात फक्त एक पडदा उरला आहे, आणि दास्तानगोने तो पडदाच रात्रीमागून रात्री वर्णन करत उचलूच दिला नाही, अशा आख्यायिका लखनौमध्ये सांगत. छापखान्याने ही सवय उचलली, कारण ती धंद्यालाही सोयीची होती. एक खंड विकत घेणारा पुढच्या खंडाचा बांधील गिऱ्हाईक होतो. ज्यांना हे सारे पाल्हाळ वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हे पाल्हाळ ऐकणाऱ्याने मागून घेतलेले होते. दिवाणखाने मोडले तेव्हा कलाही मोडली. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली यांच्यावर उतारवयात सुपारी विकण्याची पाळी आली. १९२८ मध्ये ते गेले.

वृत्तपत्र आले तसे माप बदलले. पंडित रतननाथ सरशार यांचा 'फसाना-ए-आजाद' डिसेंबर १८७८ पासून 'अवध अखबार'मध्ये हप्त्याहप्त्याने येऊ लागला. हुस्नआरा आजादला अट घालते, की तुर्कस्तानच्या बाजूने रशियाशी लढून ये, मग लग्न. रशिया-तुर्की युद्ध १८७७-७८ मध्ये नुकतेच होऊन गेले होते आणि हिंदुस्थानी मुसलमानांचे मन त्यात गुंतलेले होते. प्रेमिकाला लढाईवर धाडण्याची ही युक्ती सरशारांना भलतीच फळली. इकडे लखनौच्या गल्ल्या, तिकडे रणांगण, आणि सोबतीला खोजी. ग्रंथरूपाने चार खंड आणि तीन हजारांच्या वर पाने झाली. पुढे प्रेमचंदांनी तो हिंदीत 'आजाद-कथा' म्हणून आणला, तेव्हा त्यांना भरपूर कात्री लावावी लागली. रोजच्या वर्तमानपत्राबरोबर चवीने वाचलेली गोष्ट एका बैठकीत वाचायला बसले की जड होते, त्याला सरशार तरी काय करणार?

त्याच काळी इंग्लंडातही हेच चालले होते. तिथली कादंबरी तीन खंडांची असे आणि किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स. एवढे पैसे सामान्य माणूस देऊ शकत नसल्याने तो वर्गणी भरून मुडीसारख्या वाचनालयातून पुस्तके आणी, आणि तीन खंड एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरवता येत. १८९४ मध्ये वाचनालयांनीच चढ्या किमती नाकारल्या आणि तीन खंडांची कादंबरी काही वर्षांत नाहीशी झाली. प्रेमाच्या तऱ्हेत मात्र त्या काही वर्षांत काही फरक पडला होता असे नाही.

आपल्याकडे एक प्रश्न आणखी होता, तो स्त्रियांच्या वेळेचा. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये बायकांनी कोणती पुस्तके वाचू नयेत हेही सांगितले आहे, आणि त्यात किस्से-कहाण्या आहेत. तो ग्रंथ मुलींना शिकवण्याच्या बाजूचा होता हे विसरून चालणार नाही. पण शिकलेली मुलगी काय वाचेल याची धास्तीही त्यात आहे. आम्हाला वाटते, या धास्तीत नीतीइतकाच हिशोब वेळेचा होता. जाडजूड कादंबरी हाती घेतलेली बाई तेवढे तास चुलीची नसते, कुणाचीच नसते. पुढे ए. आर. खातून यांच्या 'शमा', 'अफशाँ' यांसारख्या भरगच्च कादंबऱ्या घराघरांत गेल्या. त्यात दावती आहेत, जोडे आहेत, खाला-फुफींचे रुसवे आहेत. समीक्षकांनी नाके मुरडली. पण उंबरठ्याआडच्या आयुष्याला एवढी पाने दुसऱ्या कुणी दिली होती?

भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांनी, ज्यांना आना लायब्ररी म्हणत, उलटी ओढ लावली. भाडे दिवसाचे. दोन दिवसांत संपेल तेच पुस्तक परवडणार. १९५८ मध्ये दिल्लीत हिंद पॉकेट बुक्स निघाले आणि रुपयाला पुस्तक मिळू लागले. किंमत आधी ठरली की कागद ठरतो, कागद ठरला की पाने ठरतात. छपाई १६ पानांच्या फॉर्मवर चालते, त्यामुळे नायिकेचे अश्रूही फॉर्मच्या हिशोबात बसवावे लागतात! गुलशन नंदा या मापात लिहिणारे पक्के कारागीर होते. त्यांच्या पुस्तकांवर सिनेमे निघाले, कारण त्यांची कथा मुळातच तीन तासांत बसण्याजोगी असे.

मग डायजेस्ट आले. १९७०च्या दशकात कराचीत 'खवातीन डायजेस्ट' सुरू झाले, दिल्लीहून 'पाकीजा आँचल', 'महकता आँचल' निघाले. या अंकांची अनुक्रमणिकाच आमच्या विषयाचा नकाशा आहे. विभाग विषयावरून पडत नाहीत, लांबीवरून पडतात : अफसाना, नावेलट, मुकम्मल नावेल आणि सिलसिलेवार नावेल. अफसाना दूध उतू जाण्याआधी संपतो. नावेलट दुपारच्या डुलकीच्या वेळेत. मुकम्मल नावेल एकाच अंकात पुरी होते, आपल्या दिवाळी अंकातल्या संपूर्ण कादंबरीसारखी. आणि सिलसिलेवार नावेल महिनोन् महिने चालते, अंक पुन्हा विकत घ्यायला लावते. उमेरा अहमद, फरहत इश्तियाक, निम्रा अहमद याच दारातून आल्या. लिहिणाऱ्या बाया, वाचणाऱ्या बाया. दास्तानगोचा पडदा आता महिन्याच्या शेवटी पडू लागला. निम्रा अहमद यांची 'नमल' अशीच हप्त्यांनी वाढत पुस्तकरूपात प्रचंड झाली.

याच गोष्टी टीव्हीवर गेल्या तेव्हा माप पुन्हा बदलले. 'हमसफर' (२०११-१२) २३ भागांत आणि 'जिंदगी गुलजार है' (२०१२-१३) २६ भागांत संपली. जून २०१४ मध्ये 'जिंदगी' वाहिनीने ही दुसरी मालिका भारतात दाखवली, तेव्हा वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांना सरावलेल्या प्रेक्षकांना पहिले नवल वाटले ते मालिका संपते याचेच. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर या वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. हा हिज्र मात्र कोणत्या लेखिकेने लिहिलेला नव्हता.

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या कितीतरी मुलींना उर्दू लिपी वाचता येत नाही. आईच्या कपाटातले डायजेस्टचे गठ्ठे त्यांना बंद आहेत. ऐकलेली उर्दू कळते, छापलेली नाही. त्यांच्यापर्यंत ही कथा पोचली ती २६ भागांच्या मापाने. अफसाना, नावेलट आणि मुकम्मल नावेल यांची मराठी मापे अजून कुणी घेतलेली नाहीत, आणि ती घेताना किती फॉर्म होतील हा प्रश्न प्रकाशक पहिल्याच भेटीत विचारणार आहे.