नवान्न कुणाचे? कुलाब्यातील भात आणि चरीचा संप

कोकणात आश्विन पौर्णिमा ही नवान्न पौर्णिमा. भाताच्या ताज्या लोंब्या दाराला बांधून नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवण्याची परंपरा. परंतु पनवेल व अलिबाग ज्यात मोडत, त्या कुलाबा जिल्ह्यात (आजचा रायगड) खोतीतील कुळाच्या खळ्यावरूनच धान्याचा मोठा वाटा खोताकडे जाई.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. नांगर थांबवणे म्हणजे स्वतःच्या घरचे नवान्नही सोडणे होते. तरीही संप १९३९ पर्यंत टिकला.

दरम्यान १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. १९४९ च्या कायद्याने खोतीच रद्द झाली.