आला का जी? आपल्या गच्चीचा टीव्ही-इतिहास

सोसायटीची स्थापना, पाण्याची टाकी, गणेशोत्सव, बगिचा या विषयांवर लिहिणारे बरेच जण या स्मरणिकेला मिळाले. संपादक मंडळाने माझ्या वाट्याला गच्ची दिली. गेली पंचवीस वर्षं कोणाच्याही घरचा टीव्ही बिघडला की वर चढणारा माणूस मी, हे सगळ्यांना माहीत आहे. मी मेकॅनिक नाही. नोकरी हिशेबाची झाली, पण पेचकस आणि पक्कड हातातून सुटली नाही. लेख इतिहासाचा आहे, तरी शेवटी एक कामाची गोष्ट मांडतो. ती यंदाच्या वार्षिक सभेत येणारच आहे, तेव्हा तेवढं वाचूनच पान उलटावं.

सोसायटीच्या आधीची कामठी

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी पोहोचला. आपल्या विदर्भाला मात्र ऐंशीच्या दशकापर्यंत वाट बघावी लागली. नागपूरला सेमिनरी हिल्सवर टॉवर उभा राहिला आणि कामठीतल्या घरांवर ॲल्युमिनियमचे काटे उगवायला लागले. टॉवर आपल्यापासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर, पश्चिमेला आणि थोडा दक्षिणेकडे. त्यामुळे छावणीतला बंगला असो, गोऱ्याबाजारची दुमजली चाळ असो की विणकराचं कौलारू घर, प्रत्येक अँटेनाचं तोंड एकाच बाजूला. वाट चुकलेल्या माणसाने वर बघितलं तरी नागपूर कुठे ते कळायचं.

माशाच्या काट्यासारखा दिसणारा हा अँटेना जपानी. यागी आणि उदा या दोन शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास तो शोधला. आपल्या गावात जपानचं नाव घरोघरी झालं ते १९९९ साली ड्रॅगन पॅलेस उभं राहिल्यावर. पण जपानी वस्तू आपल्या छतावर त्याच्या कितीतरी आधी बसली होती. त्याची रचना सोपी आहे. मागची सगळ्यात लांब दांडी लहरी परत पुढे फेकते, पुढच्या आखूड दांड्या त्या गोळा करतात आणि मधल्या दुमडलेल्या दांडीतून चपटी वायर खाली टीव्हीला जाते. दिशा नीट असली की पुरे.

आणि दिशाच तर टिकत नसे! मे-जूनच्या वावटळीत पाइप फिरायचा. वानरांची टोळी आली की दांड्या वाकायच्या. मग घरातला एक जण वर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. कामठी तीन भाषांचं गाव, म्हणून आरोळ्याही तीन भाषांत. "आला का जी?" "अभी नहीं, थोडा इधर!" "बस, राहू द्या, राहू द्या... गेला ना बाप्पा!" वरच्या माणसाने पाइपवरचा हात काढला की चित्र जायचं, हा तर ठरलेला नियम.

तेव्हा शिकलेली निदानं अजून पाठ आहेत. पडद्यावर मुंग्या म्हणजे सिग्नल कमी: दिशा बघा, नाहीतर वायरचा सांधा गंजला आहे. एका माणसाची दोन माणसं दिसली तर लहरी कुठल्या तरी भिंतीवर आपटून दुसऱ्या वाटेने येताहेत: अँटेना थोडा फिरवा. आडव्या ठिपक्यांच्या रेघा आल्या तर शेजारी मिक्सर चालू आहे किंवा खाली कोणी स्कूटर सुरू केली. पुष्कळ जण लगेच बूस्टर आणायचे. बूस्टर चित्र मोठं करतो तशा मुंग्याही मोठ्या करतो, हे पैसे गेल्यावर कळायचं.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, आणि त्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत'. गल्लीत टीव्ही दोन किंवा तीन, बघणारे चाळीस. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांची पोरं शनिवारी संध्याकाळीच विचारायची, "काका, अँटेना बरोबर आहे ना?" टीव्ही एकाचा, पण अँटेनाची काळजी सगळ्या गल्लीला.

एक डबा, चोवीस वायरी

आपल्याला फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा अँटेनाचे दिवस सरत आले होते. १९९१ च्या आखाती युद्धाने देशात उपग्रह वाहिन्यांची ओढ लावली, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि केबल गल्लोगल्ली पसरली. इमारतीत केबल आली ती कशी, हे नव्या सभासदांना माहीत नसेल. खांबावरून एक वायर पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या घरात. तिथे वायर फोडून शेजाऱ्याकडे, त्यांच्याकडून वर, असं करत करत तिसऱ्या मजल्यापर्यंत. वायर दोन वाटांना फोडली की प्रत्येक वाटेला जेमतेम अर्धी शक्ती मिळते. चार ठिकाणी फोडल्यावर शेवटच्या घरात काय उरणार? पहिल्या मजल्यावर लख्ख चित्र, तिसऱ्यावर मुंग्या. त्यातही मधलं घर सुट्टीत गावाला गेलं आणि जाताना वायर काढून ठेवली तर वरची सगळी घरं बंद.

यावर सभेत दोन तास वाद झाला. उपाय साधा होता: जिन्यात एक डबा बसवायचा, त्यात ॲम्प्लिफायर ठेवायचा आणि तिथून चोवीस घरांना चोवीस वेगळ्या वायरी टाकायच्या. खर्च सर्वांत सारखा वाटायचा होता. खालच्या मजल्यावरच्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, "आमच्याकडे चित्र छान दिसते, आम्ही काऊन पैसे द्यायचे?" तेव्हा आपल्या त्या वेळच्या खजिनदार बाईंनी एवढंच विचारलं, "पाण्याची मोटर वरच्यांसाठीच आहे, तिचं बिल कोण कोण भरतं?" सभागृह, म्हणजे पार्किंग, गप्प झालं. ठराव पास झाला. माझ्या मते आपण कागदावर आधीच सोसायटी होतो, पण खरी सोसायटी झालो ती त्या रात्री.

पुढच्या वर्षांत लोडशेडिंगने छळलं. आपल्याकडे वीज असली तरी केबलचा एखादा ॲम्प्लिफायर दुसऱ्या भागातल्या खांबावर असायचा आणि तिथली वीज गेली की आपलाही पडदा निळा.

छत्र्यांचा काळ

२००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीडी डायरेक्ट प्लस (आजची फ्री डिश), २००६ मध्ये टाटा स्काय. आपल्या गच्चीवर छत्र्या आल्या. अँटेना नागपूरकडे बघायचा, छत्री मात्र नागपूरला पाठ फिरवून आभाळाकडे बघते. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि आपण त्याच्या उत्तरेला, म्हणून आपल्या छत्र्या कोणत्याही कंपनीच्या असोत, दक्षिणेकडेच झुकतात. काही जवळजवळ सरळ दक्षिणेला, काही आग्नेयेला. एवढ्या लांबून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. मुसळधार पाऊस तो शोषून घेतो, म्हणून ऐन पावसात चित्र चौकोनी तुकडे होऊन थांबतं. त्यावर उपाय थांबण्याचाच. पण पाऊस उघडल्यावरही चित्र आलं नाही तर छत्री हलली आहे किंवा वायरच्या टोकात पाणी गेलं आहे, असं समजावं.

सरकारने केबलही टप्प्याटप्प्याने डिजिटल केली. नागपूर दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ च्या मुदतीत; कामठीसारख्या नगरपरिषदांच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत. सेट-टॉप बॉक्स आल्यावर मुंग्या कायमच्या गेल्या. डिजिटलमध्ये चित्र असतं तरी पूर्ण, नाहीतर नसतं.

या काळातली एक रात्र लिहिलीच पाहिजे. २ एप्रिल २०११, विश्वचषकाचा अंतिम सामना. श्रीलंकेचा डाव संपला आणि केबलची लाइन कुठेतरी तुटली. तिसऱ्या मजल्यावर एका फौजी कुटुंबाकडे छत्री होती. त्यांनी दार सताड उघडलं, टीव्ही फिरवून हॉलच्या दाराशी आणला. आतमध्ये सतरंजीवर बायका-पोरं, दारात माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर उरलेले. धोनीचा शेवटचा षटकार अर्ध्या सोसायटीने एकाच पडद्यावर बघितला.

भिंत, लोखंड आणि पाणी

२००५ च्या सुमारास घरात ब्रॉडबँड आलं ते २५६ केबीपीएस वेगाचं. त्यावर फोटो उघडायलाही दम लागायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, मग फायबर. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं तेव्हा काही घरांनी ते छत्रीवर बघितलं, काहींनी मोबाइलवर.

आता मला येणारे फोन वेगळे असतात: "काका, चित्र गोल गोल फिरते." नव्वद टक्के वेळा दोष इंटरनेटचा नसतो, राउटरच्या जागेचा असतो. वायफायचे तीन शत्रू: भिंत, लोखंड आणि पाणी. आणि आपल्या नागपूर भागात हे तिन्ही एकत्र सापडतात ते कूलरमध्ये! लोखंडी पेटी, आत पाण्याची टाकी. हिवाळ्यात चांगलं चालणारं वायफाय एप्रिलमध्ये अडखळतं, कारण राउटर आणि टीव्हीच्या मध्ये कूलर येऊन बसलेला असतो. म्हणून:

राउटर उंचावर, घराच्या मध्यावर ठेवा. कपाटात किंवा टीव्हीच्या मागे नको. टीव्ही जवळ असेल तर ५ गीगाहर्ट्झ जोडा, दोन भिंती पलीकडे असेल तर २.४. जमत असेल तर टीव्हीला सरळ लॅनची वायर लावा, यासारखं औषध नाही. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. तेवढा वेग मिळत असताना चित्र अडकत असेल तर प्लॅन वाढवू नका, आधी जागा बदला. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर खिळ्याभोवती वळवू नका, आत काच आहे.

एक गंमत मात्र फायबरनेही टळली नाही. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमेवर झेल घेतला. तळमजल्यावर छत्रीवाल्या घरात जल्लोष झाला, तेव्हा आमच्या स्मार्ट टीव्हीवर गोलंदाज अजून धाव घेत होता. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि टीव्ही ते थोडे साठवून मग दाखवतो, म्हणून ते मागे राहतं. सगळ्यात महाग टीव्ही असलेल्या घरांना बातमी सगळ्यात शेवटी!

आता कामाची गोष्ट

स्मरणिकेसाठी मी गच्चीवर जाऊन मोजलं. छत्र्या एकोणीस, त्यातल्या चालू चार. बाकीच्या बदली होऊन गेलेल्यांच्या, घर विकून गेलेल्यांच्या आणि फायबर घेतलेल्यांच्या. बहुतेक छत्र्यांचे बोल्ट थेट स्लॅबमध्ये ठोकले आहेत. गंजलेल्या प्रत्येक भोकातून पाणी मुरतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांच्या छताला ओल आहे ती त्यामुळेच. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करायचं आहे आणि "सगळ्या छत्र्या काढा, आता कोणाला लागतात" असा प्रस्ताव सभेपुढे येणार आहे.

बंद पंधरा काढाव्यात, यावर माझा वाद नाही. पण ज्या चार चालू आहेत त्या फ्री डिशच्या आहेत. दर महिन्याला पैसे लागत नाहीत म्हणून त्या घरांनी ठेवल्या आहेत. दोन घरांत पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ भगिनी आहेत, उरलेली दोन भाडेकरूंची आहेत. जुना अँटेना लावा असंही त्यांना सांगता येत नाही. दूरदर्शनने आपले जुने जमिनीवरचे ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. छत्री काढली की त्या घरांतल्या बातम्या, कीर्तन, मालिका, सगळं थांबेल.

माझी सूचना अशी. पाण्याच्या टाकीशेजारी, स्लॅबला भोक न पाडता, सिमेंटच्या ठोकळ्यावर एकच सामाईक छत्री बसवावी. तिला चार तोंडांचा एलएनबी लावला की चार घरांना चार स्वतंत्र वायरी जातात, कोणी कोणाच्या चित्रात येत नाही. छत्रीला आर्थिंग करावं. वायरी जिन्यातल्या त्या जुन्या डब्यातून न्याव्यात; डबा अजून तिथेच आहे, रिकामा. खर्च चोवीस घरांत वाटला तर एका घराच्या वाट्याला फार थोडी रक्कम येते.

"आमच्याकडे फायबर आहे, आम्ही काऊन द्यायचे?" हा प्रश्न सभेत येईल, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आपण एकदा देऊन बसलो आहोत. ते जुन्या इतिवृत्ताच्या वहीत लिहिलेलं आहे, खजिनदार बाईंच्या सहीनिशी. सभेला येताना सचिवांनी ती वही सोबत आणावी, ही विनंती.