मुंबईची शोभा : काही नोंदी

मुंबईच्या सौंदर्यावर लिहिणारे बहुतेक सगळे बोरीबंदरला उतरतात, फोर्टात फिरतात नि तिथूनच परत जातात. राजाबाई टॉवर, हायकोर्ट, मरीन ड्राइव्ह. २०१८ साली युनेस्कोनं ओव्हलच्या आजूबाजूच्या गॉथिक अन् आर्ट डेको इमारती जागतिक वारशात घातल्या, तेव्हा तर या कौतुकाला उधाणच आलं. त्या दगडांशी माझं भांडण नाही. पण नायगाव, परळ, शिवडी, वरळी ही काय मुंबई नव्हे? मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. मला माझं शहर देखणं वाटतं. का वाटतं, ते साल-तारखेसकट सांगतो.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर लॉइडच्या राजवटीत, १९२० नंतर, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत ठरला. त्यासाठी कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवला. गाठी कुणी वाहिल्या हे इथं वेगळं सांगायला नको. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फूट. मधून पॅसेज, दोन्ही अंगांना दारं, भर दुपारीही अंधार. शोभेचा विचार सरकारच्या डोक्यात आलाच नव्हता. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, भाडं जड, त्यामुळं इथल्या कित्येक चाळी सुरुवातीला ओस पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात सरकारनं त्यांत कैदी कोंडले. जी इमारत तुरुंग म्हणून चालून गेली, तिच्यात आमची माणसं संसार करायला आली.

माझा आजा सातारा जिल्ह्यातनं आला. गावात वाड्यापुढून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची. इथं पॅसेजमध्ये दारापुढं चपलांच्या ओळी! पोरगा असताना मला त्यात काही विशेष दिसायचं नाही. आजीला दिसायचं. संध्याकाळी ती त्या चपला उगीचच सरळ करून ठेवायची. तसंच नळाचं. १९२७ साली महाडला तळ्याचं पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. त्याच काळात या शहरात आपली बाई नळाखाली हंडा लावून, कमरेवर हात ठेवून, शेजारणीशी वाद घालत उभी राहू शकत होती. पितळी हंड्यावर पडणाऱ्या धारेचा आवाज भरत आला की बदलतो. तो आवाज मला कुठल्याही टॉवरच्या टोल्यांपेक्षा गोड लागतो.

आता कुणी म्हणेल, शहरानं जात पुसली. साफ खोटं. चाळीसुद्धा बऱ्याचशा जातवार वाटलेल्या होत्या. गिरणीत साचेखात्यात, जिथं पगार बरा, तिथं आपल्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागतो; आमच्या थुंकीनं सूत बाटणार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. म्हणून माझा आजा आयुष्यभर रिंग खात्यात. पाळी सुटली की केसांवर, भुवयांवर कापसाची पिंजण घेऊन घरी यायचा, ऐन तरुणपणी म्हातारा दिसायचा.

पण इथली शोभा कुणी दिलेली नाही, ती आपल्या लोकांनी कमावलेली आहे. वामनदादा कर्डकांचंच बघा. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायला आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. मोठ्या वयात बाराखडी शिकले अन् दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली. वाण्याची पाटी, सलूनची पाटी, हॉटेलची पाटी. ज्या रस्त्यानं एवढ्या मोठ्या लोककवीला वाचायला शिकवलं, त्या रस्त्याला कुरूप म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परळच्या पोयबावडीची बीआयटी चाळ तशीच. १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचं बिऱ्हाड तिथं दोन खोल्यांत. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाड, १९३० ची गोलमेज, हे सगळं त्या बिऱ्हाडाच्या काळातलं. टूरिस्टच्या बसा तिथं थांबत नाहीत. न थांबोत.

अन् ६ डिसेंबर. वर्षातून एकदा शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकानं अशी लागतात, की तशी जत्रा दुसरीकडं कुठं मी बघितली नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली बाई भाकरी सोडते, खाते, नि परतीच्या पिशवीत चार पुस्तकं टाकते. पांढऱ्या साड्या, मागं समुद्र. १९५६ च्या ७ डिसेंबरला त्याच वाळूवर चिता पेटली होती.

वरळीच्या चाळींनी दुसरंही बघितलंय. ५ जानेवारी १९७४ ला पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली. एका चाळीतनं दुसऱ्या चाळीवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या. १० तारखेला मोर्चावर वरून दगड आला, भागवत जाधव गेला. ज्या खिडकीत सणाला आकाशकंदील लागायचा, तिथूनच दगड यायचे. हे लपवून शहरावर प्रेम करायचं म्हणजे लबाडी. मग १९८२ चा संप. भोंगे एकामागून एक मुके झाले ते कायमचे.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या वाटल्या. टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर, आत स्वतंत्र संडास. चांगलं झालं. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात कसली आलीय शोभा! चाळीच्या गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी महिनाभर तसं राहून दाखवावं. पण चाळ पाडायला लागतात काही दिवस, नि तिच्यात कोण कुठल्या गावाहून आलं, कुठल्या खात्यात राबलं, कुणी पॅसेजच्या दिव्याखाली बसून मॅट्रिक केली, हे कुठल्याच सरकारी कागदावर नाही. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी आजच विचारून घ्यावं आणि पोस्टकार्डावर का होईना, आमच्याकडं धाडावं. गाव, खातं, मजला, एवढं पुरे. पहिली नोंद माझी : सातारा जिल्हा, रिंग खातं, दुसरा मजला, जिन्याकडून चौथं दार. दारापुढं सहा जोडी चपला.